कोबॉल: साठी उलटलेली भाषा आणि बँकेतला हिशेब

एक थडग्याचा दगड कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये जपून ठेवलाय. त्यावर एका संगणकीय भाषेचं नाव कोरलंय: कोबॉल. संगणक बनवणाऱ्या आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी तो विकत घेतला आणि पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यात, चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला. ही भाषा घडवणाऱ्या समितीचे ते प्रमुख. तेव्हा ही भाषा अजून जन्मायचीच होती! समितीचं काम इतकं रेंगाळलं होतं, की ब्रॉमबर्ग यांची आशाच सुटली होती.

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी असे. यंत्र बदललं की पगारपत्रकापासून सगळं पुन्हा लिहायचं. बरोज कंपनीच्या मेरी हॉझ यांनी सगळ्यांना चालेल अशा एका भाषेचा आग्रह धरला. मे 1959 मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली, संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा आधार मिळाला, आणि डिसेंबर 1960 मध्ये एकच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालून दाखवला गेला.

पण कोबॉल टिकली ती पैशांच्या हिशेबामुळे, आणि इथे जरा थांबायला हवं. संगणक मुळात शून्य आणि एक यांतच मोजतो. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की 0.333 असं संपतच नाही. तसंच दहा पैसे, म्हणजे 0.1 रुपया, द्विमान पद्धतीत कधीच पूर्ण लिहून होत नाही. फरक अगदी सूक्ष्म असतो, पण लाखो खात्यांवर रोज व्याज लावताना तो साठत जातो. कोबॉलमध्ये सुरुवातीलाच सांगता येतं: इतके अंक रुपयांचे, दोन अंक पैशांचे. आकडेमोड दशमानातच होते. जावा किंवा पायथन या नंतरच्या भाषांमध्येही हे जमतं, पण तिथे प्रोग्रामरला आठवणीने वेगळा प्रकार वापरावा लागतो.

मग कोबॉलवर चालणाऱ्या बँका आपली प्रणाली बदलत का नाहीत? ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने आपली मूळ प्रणाली बदलली. त्याला पाच वर्षं लागली आणि एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्च आला. हा आकडा ऐकल्यावर बाकीचे का कचरतात ते कळतं.

या गोष्टीत आपलंही माणूस आहे. 1974 मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सीने रुग्णालयाच्या हिशेबाची एक प्रणाली बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रांवरच्या कोबॉलमधून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांवरच्या कोबॉलमध्ये नेली. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीतलं हे अगदी सुरुवातीचं काम. पुढे 2000 साल जवळ आलं. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणारे जुने प्रोग्राम 2000 ला 1900 समजण्याची भीती होती. ते दुरुस्त करायला पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलं-मुली कोबॉल शिकून परदेशी गेली. ज्या ओळी दुसऱ्यांनी लिहून टाकून दिल्या होत्या, त्या या मुलांनी एकेक करून वाचून काढल्या.

एप्रिल 2020. कोरोनामुळे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या कोबॉलवर चालणाऱ्या जुन्या प्रणालीवर अर्जांचा लोंढा आला आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर आवाहन केलं, कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवेत. माझ्या मते तिथे भाषा म्हातारी झाली नव्हती. ती सांभाळणारी माणसं तयार करायचं राहून गेलं होतं.

आता कोबॉलचं जावात रूपांतर करणारी एआय साधनं आली आहेत; आयबीएमने 2023 मध्ये असं एक साधन जाहीर केलं. ती उपयोगी आहेत. पण एखाद्या ओळीत अमुक प्रकारच्या खात्याला एका दिवसाचं व्याज कमी लावलेलं असेल, तर ती चूक आहे की जुन्या परिपत्रकाचा नियम? हे अनेकदा कुठेच लिहिलेलं नसतं. ते ठाऊक असतं त्या विभागात वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला.

2000 सालच्या त्या लाटेतली मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. बँकांनी त्यांच्या शेजारी नवी मुलं आत्ताच बसवायला हवीत, आणि या कामाचा पगारही नव्या भाषांच्या बरोबरीने द्यायला हवा.