भिंतीवरचे नट

नमस्कार श्रोतेहो. घरात लहान पोर असेल तर एकदा भिंतीकडे बघून या. पेन्सिलीने काढलेला वेडावाकडा चेहरा, डोक्यावर चार केस, पोट नाहीच, थेट पाय! आज असल्याच एका भिंतीबद्दल बोलायचंय. ही भिंत मात्र जपानमधल्या एदोची, म्हणजे आजच्या तोकियोची.

एदोला काबुकी नाटकाचं भारी वेड. नटांची चित्रं चेरीच्या लाकडावर कोरायची, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा, आणि छापून दुकानात लावायची. लोक हौसेने घेऊन जात. (आपल्याकडे चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स फुकट बघायला मिळतात. त्यातल्या एका तरी चेहऱ्यासाठी तुम्ही खिशात हात घालाल का? असो.)

1842 साली सरकारने फर्मान काढलं, नटांची चित्रं छापायची नाहीत. चैन बंद, उधळपट्टी बंद. लोकांचा लाडका नट सातवा इचिकावा दान्जुरो, त्याला तर त्याच साली शहराबाहेर घालवलं. लक्षात ठेवा, नटांची चित्रं बंद.

आता कुनियोशी नावाचा चित्रकार. मांजरवेडा माणूस. 1847च्या सुमारास त्याने काय छापलं? कोठाराची भिंत! नुसती भिंत, आणि तिच्यावर कुणा व्रात्य पोराने खिळ्याने ओरखडल्यासारखे चेहरे. तेव्हा प्रत्येक चित्रावर सरकारी तपासनिसाचा शिक्का लागे. पण पोराच्या गिरगोट्यांना हरकत घ्यायची तरी कशी? गिऱ्हाईक मात्र जवळ जाऊन बघायचं आणि गालात हसायचं. हे लांब नाक अमक्याचं, ती हनुवटी तमक्याची! सगळे नटच. आणि मधेच डोक्यावर पंचा घेऊन नाचणारी एक मांजर. मांजरीशिवाय त्याला करमायचंच नाही. अशी पाच चित्रं काढली त्याने. चित्रांच्या नावातही खोडी होती. 'कोठाराच्या भिंतीवरचं फुकटचं लिखाण' असं ते नाव, पण जपानीत ते म्हणताना 'सारखं दिसतं म्हणून' असंही ऐकू येतं.

अरे, जपानमधलं दुसरं नाटकवेडं शहर, ओसाका, राहिलंच की! थोडक्यात सांगतो. एदोचा नट पाय आपटणारा, चेहऱ्यावर लाल पट्टे ओढणारा. ओसाकाकडचा मवाळ, प्रेमात पडून फसणारा. एदोत चित्रं हा मोठा धंदा, तर ओसाकात काढणारे बरेचसे हौशी, नाटकवेडे. तिथे जवळपास सगळी छपाई नटांचीच, त्यामुळे फर्मानाने धंदाच बसला. 1847मध्ये चित्रं परत आली ती लहान कागदावर. तिथला चित्रकार हिरोसादा, त्याची त्या वेळची चित्रं बघा. पुष्कळदा नटाचं नावच नाही. घेणाऱ्याला नाक पुरायचं.