दुरुस्त झालेलं हृदय

लहानपणी पळापळीच्या खेळात मी मध्येच उकिडवी बसायचे. गुडघे छातीशी आवळून, दोन-तीन मिनिटं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कळलं, की माझ्यासारखा जन्मजात हृदयदोष असलेली मुलं आपसूकच असं बसतात.

माझ्या दोषाचं नाव टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. आर्थर फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी 1888 मध्ये त्याचं नेमकं वर्णन केलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, त्या भोकावर सरकून आलेली महाधमनी, फुप्फुसाकडची वाट अरुंद आणि जोर लावून लावून जाड झालेला उजवा कप्पा. अरुंद वाटेनं जाता येत नाही म्हणून अशुद्ध रक्त भोकातून महाधमनीत शिरतं. ओठ, नखं निळी पडतात. उकिडवं बसलं, की पायांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगभर जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि मग तेच रक्त फुप्फुसाकडे वळतं. चार-पाच वर्षांच्या पोराला हे कळतं! मला आजही याचं अप्रूप वाटतं.

1944 मध्ये हृदय उघडणं शक्यच नव्हतं. तेव्हा अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर हेलन टाउसिग यांनी सुचवलं, की हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडून द्यावी, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त जाईल. सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया केली, पण तिचं तंत्र प्रयोगशाळेत घडवलं होतं व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकानं. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून एकेक टाका सांगत होते. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही.

माझं ऑपरेशन पाचव्या वर्षी झालं. भोक बुजवलं, वाट रुंद केली. डॉक्टर म्हणाले, ‘दुरुस्ती झाली.’ घरी सगळ्यांनी ऐकलं, ‘पोरगी बरी झाली.’ या दोन वाक्यांतल्या फरकासाठीच मी आज इथे उभी आहे.

वाट रुंद करताना माझी फुप्फुसाची झडप कापावी लागली होती. तेव्हापासून ती गळत होती; प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उजव्या कप्प्यात परत यायचं. कप्पा वर्षानुवर्षं ते सोसत राहिला आणि ताणत गेला. अठरा वर्षांची झाल्यावर मुलांच्या विभागातलं माझं येणं थांबलं. पुढे कुठे जायचं, हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अकरा वर्षं मी कुठेच गेले नाही. त्रास काहीच नव्हता. म्हणजे मला तसं वाटत होतं. जिन्याऐवजी लिफ्ट, चालताना फोन आल्याचं निमित्त करून थांबणं... हे कधी सुरू झालं ते माझं मलाच कळलं नाही. एका रात्री छातीत धडधड सुरू झाली, ती थांबेचना. एमआरआयमध्ये कप्पा केवढा फुगलाय ते दिसलं. नवी झडप बसवली.

आता ही झडप काही जणांना मांडीतल्या शिरेतून, छाती न उघडता बसवता येते. पण त्यासाठी वेळेवर तपासणीला जायला हवं.

दर शंभर बाळांमागे साधारण एक बाळ हृदयदोष घेऊन जन्मतं. त्यांतली बरीच आता मोठी होतात, नोकऱ्या करतात, आया होतात. पण मूल हवं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला, दिवस गेल्यावर नव्हे. दातांची हयगय करू नका. हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. आणि आईबाबांनो, मूल बारा वर्षांचं झालं, की त्याला आपल्या दोषाचं नाव न अडखळता सांगता यायला हवं. ऑपरेशनच्या कागदांची एक प्रत त्याच्याजवळ असू द्या.

माझी फाइल अजून आईच्या कपाटात असते. तपासणीच्या दिवशी ती छातीशी धरून आई बाहेरच्या बाकावर बसते. मागच्या खेपेला मी म्हटलं, ‘आई, दे इकडे.’ तिनं दिली, पण एमआरआयच्या दारापर्यंत तिचा एक हात फाइलवरच होता.