दहाव्या दिवसाचा ताप

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘केमोथेरपी आणि रक्त’. त्याकडे येतोच. पण आमच्या सावईवेऱ्याच्या घरातली एक चवथ सांगितल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

वहिनीच्या केमोच्या दुसऱ्या डोसचा तो दहावा दिवस. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधून झालेली, आत नेवऱ्या तळणं चाललेलं. डोक्याला रुमाल गुंडाळून वहिनी नेवऱ्यांच्या कडा मुरडत बसली होती. चारच्या सुमाराला म्हणाली, “भावजी, अंगात कसकस वाटते हो.” थर्मामीटर लावला, १०१. कोणीतरी पॅरासिटामोल दिली. तासाभरात घाम येऊन ताप उतरला, आरतीला ती उभीसुद्धा राहिली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या माझाही पडला, आणि ते मला आजही सलतं. पहाटे तिला हुडहुडी भरली. आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जनाला न थांबता गाडी काढली, रुग्णालय गाठलं.

रक्ताची स्लाइड मी तिथल्या तंत्रज्ञाशेजारी बसून पाहिली. एरवी तेलाच्या लेन्सखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायला फार वेळ लागत नाही. त्या दिवशी स्लाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवत राहिलो, लाल पेशीच लाल पेशी, पांढऱ्या जेमतेम वीस-पंचवीस सापडल्या. पांढऱ्या पेशींचा एकूण काउंट ९००, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १० टक्के. म्हणजे ९०. हा आकडा ५००च्या खाली गेला की साधा जंतूही जिवावर उठतो. आठ दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक घेऊन वहिनी घरी आली.

माझा राग आहे तो एका कागदावर. डोस देऊन घरी पाठवताना हातात दिलेला कागद. त्यावर एकच ओळ: ‘ताप आल्यास संपर्क साधावा.’ किती ताप? संपर्क कोणाशी? रात्री अकराला, चवथीच्या सुट्टीत, कुठल्या नंबरवर? रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. पण घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय भराभर सांगतो.

केमोचं औषध भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कर्करोगाच्या पेशी तशा, आणि हाडांतल्या मगजातल्या, म्हणजे रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या, पेशीही तशाच. निरोगी मगज रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो, कारण रक्तात त्या काही तासच टिकतात. प्लेटलेट आठ-दहा दिवस, लाल पेशी १२० दिवस. कारखाना बंद पडला की आधी संपतो तो कमी टिकणारा माल. म्हणून बऱ्याच औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सावरतात. अनेक डोस २१ दिवसांनी असतात ते यामुळे. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन मात्र हळूहळू, डोसागणिक उतरतं.

पू होतो तोच मुळी न्यूट्रोफिलमुळे. त्याच नसल्या तर पू नाही, सूज फारशी नाही, घसा तपासला तरी लाल दिसेलच असं नाही. ताप ही कधीकधी एकमेव खूण, आणि पॅरासिटामोल तीच पुसून टाकते. १००.४ दिसला की गोळी न देता थेट रुग्णालय गाठा, आणि दारातच सांगा, ‘केमो चालू आहे, आज अमुकावा दिवस.’

बीट-डाळिंब खुशाल खा, पण त्यानं पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. त्या वाढवणारं इंजेक्शन असतं, डोस संपल्यावर निदान २४ तासांनी देतात. ते कोणाला लागेल हे डॉक्टर ठरवतात.

वेळ संपली. ज्यांच्या घरी डोस चालू आहेत त्यांनी रिपोर्ट घेऊन पुढे या. एकूण काउंट आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी, दोन आकड्यांचा गुणाकार आहे, कागदावर करून दाखवतो.