घास

(दृश्य : ताटावर वाकलेलं डोकं.)

हा मुलगा घास तोंडाशी नेत नाही, तोंड घासाशी नेतोय. वय चौदा. उजवं कोपर किंचित वाकलेल्या अवस्थेत अडकलंय, पुढे हलतच नाही. शर्टाचं वरचं बटण आई लावते. घरी कसंबसं जेवण होतं. लग्नाच्या पंगतीला तो बसत नाही.

चार महिन्यांपूर्वी चिंचेच्या झाडावरून पडताना त्याने हात टेकला, आणि पुढच्या हाताची दोन्ही हाडं दंडाच्या हाडामागे सरकली. हाडवैद्याने लेप लावून कामट्या बांधल्या. एक्स-रे निघालाच नाही. सूज उतरली तेव्हा बरं झालं असंच सगळ्यांना वाटलं. मग आखडलेला हात मोकळा व्हावा म्हणून रोज तेल लावून चोळणं सुरू झालं. कृपा करून असं करू नका. दुखावलेलं कोपर रगडलं तर स्नायूतच हाड धरू शकतं. पण यात मी आईवडिलांना दोष देणार नाही. पेरणीचे दिवस होते, एक्स-रे तालुक्याला, आणि हाडवैद्य गावातला.

त्याच दिवशी दवाखाना गाठला असता, तर भूल देऊन बहुधा चिरफाड न करताच सांधा बसला असता. तीन आठवडे उलटले की गोष्ट वेगळी होते. रिकाम्या खोबणीत चिवट तंतू भरतात, दंडामागचा स्नायू आखूड होतो, बाजूचे बंध आवळतात. आता ओढून बसवायला गेलं तर हाडच मोडायचं.

(दृश्य : शस्त्रक्रियागृह.)

चीर कोपराच्या मागून. आधी शोधायची ती नस. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही. तिला अलगद सोडवून बाजूला ठेवल्याशिवाय पुढचं काम नाही. मग आखडलेला स्नायू. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात कापतात आणि ‘वाय’च्या आकारात शिवतात, तेवढी लांबी मिळते. जुन्या निखळलेल्या कोपरासाठी अमेरिकेतले शल्यविशारद स्पीड यांनी 1925 साली मांडलेल्या शस्त्रक्रियेतली ही युक्ती आजही कामी येते. खोबणीतले तंतू खरवडून काढताना हात जपून चालवावा लागतो, कारण या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. शेवटी हाडं जागेवर येतात. सांधा पुन्हा सरकू नये म्हणून त्यातून एक बारीक तार घातली जाते, साधारण दोन आठवड्यांसाठी.

तार निघाली की खरी मेहनत, आणि ती त्याची एकट्याची. हात त्याचा त्यानेच वाकवायचा. दुसऱ्या कुणी जोर लावायचा नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये मॉरे आणि सहकाऱ्यांनी 1981 साली मोजून दाखवलं, की रोजच्या बहुतेक कामांना कोपर 30 ते 130 अंशांमध्ये (सरळ हात म्हणजे शून्य) हललं तरी पुरतं. फिजिओथेरपीच्या ताई दर आठवड्याला कोनमापक लावतात, आकडा वहीत लिहितात. घरी जाताना तो आकडा मुलगा दोनदा विचारून घेतो.

(दृश्य : घर, संध्याकाळ.)

सहावा आठवडा. उजव्या हातात भाकरीचा तुकडा. हात वर येतो, हनुवटीच्या खाली थांबतो. दोन बोटं अंतर उरलंय. मान खाली घातली तर घास मिळेल.

तो मान ताठ ठेवतो, आणि हात पुन्हा उचलतो.