सांगलीला हळद, न्यूकॅसलला कोळसा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या आत्याने मोठ्या कौतुकाने हळदीचे पाकीट पुढे केले, तेव्हा आई हसू आवरत म्हणाली, “वन्सं, सांगलीला हळद आणलीत होय?”

अशा प्रसंगी इंग्रज माणूस ‘न्यूकॅसलला कोळसा नेणे’ असे म्हणतो. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठी असलेल्या या शहरातून शतकानुशतके जहाजे भरभरून कोळसा लंडनला जात असे, आणि तो समुद्रमार्गे येई म्हणून लंडनकर त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. त्या गावी कोळसा विकायला नेणाऱ्याला लोक काय म्हणतील, हे सांगायला नको. ग्रीकांनी हेच अथेन्सला घुबडे नेण्याविषयी म्हटले, कारण तेथील चांदीच्या नाण्यांवरही घुबडच असे. रशियात, समोवारांसाठी, म्हणजे चहाचे पाणी उकळण्याच्या भांड्यांसाठी, प्रसिद्ध असलेल्या तुला नावाच्या शहरी स्वतःचा समोवार नेणाऱ्याची अशीच थट्टा होते.

आपल्याकडे भाषांतर करताना घाईने ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असे लिहून मोकळे होतात, ते मला खटकते. पालथ्या घड्यात पाणी ठरतच नाही. न्यूकॅसलचा घडा मात्र आधीच काठोकाठ भरलेला आहे. महाबळेश्वरच्या पाहुण्याकडे स्ट्रॉबेरीची टोपली घेऊन जाणाऱ्याला हा वाक्प्रचार शोभतो. न ऐकणाऱ्या मुलाला दहादा समजावणाऱ्या आईसाठी आपला पालथा घडाच बरा.

गंमत अशी की, आईचे बोलणेही पुरते खरे नव्हते. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी उभे राहिले, तर व्यापारी पोत्यात हात घालून हळकुंड काढतो, मोडतो आणि आतला रंग निरखतो. त्या पोत्यांमध्ये आपल्या जिल्ह्यातील मालाशेजारी कर्नाटकातून आणि तेलंगणातून आलेला मालही असतो. ज्या गावी पारखी नजर, गिऱ्हाईक आणि साठवणीची सोय, मग ती पूर्वी हरिपूरच्या पेवांची, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांची, का असेना, त्या गावी माल आपसूक येतो. सांगलीला हळद नेणे हा म्हणजे इथला जुना, चालता धंदा आहे.

आणि खुद्द न्यूकॅसलचे काय झाले? त्या परिसरातील एकेक खाण बंद पडत गेली, ईशान्य इंग्लंडमधील शेवटची खोल खाण, एलिंग्टनची, 2005 मध्ये थांबली, आणि वीजकेंद्रांसाठी लागणारा परदेशी कोळसा जहाजांतून त्याच टाइन नदीच्या बंदरात उतरू लागला.