चंद्रलेखा: वजाबाकीतून उभं राहिलेलं नृत्य

नमस्कार श्रोतेहो.

भरतनाट्यम म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? जरीचा पोशाख, ठसठशीत दागिने, गजरा, आणि कृष्णाची वाट पाहणारी नायिका. नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांनी यातलं एकेक काढून टाकलं. देवही काढले, गोष्टही काढली. मग उरलं काय? उरलं शरीर, आणि त्यांचं सगळं म्हणणं त्या शरीराबद्दलच होतं.

त्यांचा जन्म 1928 सालचा, आपल्या महाराष्ट्रातल्या वाडा या गावचा. भरतनाट्यम शिकल्या त्या कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे आणि पुढे चेन्नईच्याच झाल्या. सुरुवातीच्या काळात रायलसीमेच्या दुष्काळ निधीसाठी त्यांचा कार्यक्रम होता. रचना होती ‘मथुरा नगरीलो’, म्हणजे यमुनेच्या पाण्यातली जलक्रीडा. हातांनी पाणी दाखवता दाखवता त्यांना दुष्काळात भेगाळलेल्या जमिनीचे फोटो आठवले आणि त्या थबकल्या. हा प्रसंग त्या पुढे आवर्जून सांगत. कलेत एवढं पाणी आणि बाहेर घोटभर नाही, ही विसंगती त्यांनी कधी विसरू दिली नाही.

मधली बरीच वर्षं त्या मंचापासून लांब होत्या. पोस्टरं केली, स्त्री चळवळीत काम केलं. मग 1985 साली आली ‘अंगिका’. त्यात अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली होत्या, योगासनं होती आणि केरळच्या कलरीपयट्टू या युद्धकलेचे लढवय्येही होते. हा नाच नव्हे, कसरत आहे, असंही म्हणणारे भेटले. मला वाटतं, त्यांनी अरमंडी, म्हणजे भरतनाट्यमची अर्धी बैठक, नीट पाहिलीच नव्हती. गुडघे बाहेर वळवून, कंबर खाली घेऊन बसण्यात केवढं बळ लागतं, ते दागिन्यांच्या लखलखाटात दिसतच नाही. आधुनिक व्हायला चंद्रलेखांना परदेशातून तंत्र आणावं लागलं नाही, ते असं.

मला सर्वांत आवडते ती त्यांची ‘लीलावती’, 1989 ची. भास्कराचार्यांची गणितं, आणि तीही नाचातून! मूळ ग्रंथात एक कोडं आहे: भुंग्यांचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांमधल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत घुटमळतोय, तर एकूण भुंगे किती? (पंधरा, श्रोतेहो. करून पाहा.) मुळातच ज्यात एवढी हालचाल आहे, त्याला नाचवायला वेगळी कथा कशाला हवी?

2001 ची ‘शरीर’ त्यांची शेवटची रचना. एक स्त्री, एक पुरुष, साथीला गुंदेचा बंधूंचं ध्रुपद. लय इतकी संथ की अधीर प्रेक्षकाची परीक्षाच. 2006 मध्ये चंद्रलेखा गेल्या, तरी कवयित्री तिशानी दोशी ‘शरीर’ पुढेही सादर करत राहिल्या. नर्तकी पद्मिनी चेत्तूर दहाएक वर्षं चंद्रलेखांच्या चमूत नाचल्या, मग स्वतःच्या रचना करू लागल्या. पद्मिनींच्या कामात कलरीच्या उड्या शोधू नका. एखादा सांधा नेमका कुठून वळतो हे शांतपणे तपासण्याची खोड मात्र थेट चंद्रलेखांकडून आलेली.