डोंगर आधी, तट मग

नमस्कार मंडळी. आजच्या पत्रिकेवर 'खेळण्यातल्या विटांनी मोठा किल्ला कसा बांधावा' असा विषय छापला आहे आणि तो मी सांगणारच आहे. पण त्याआधी मला एक विचारायचं आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात लहानाचे मोठे झालेले बरेच जण समोर दिसतात. तुमच्यापैकी कितींनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला होता? बघा, जवळजवळ सगळे हात वर. कुठला केला होता? प्रतापगड. रायगड. मागून कोणी सिंहगड म्हणालं. छान. आता सांगा, ग्वाल्हेरचा किल्ला कितींनी केला?

एकही हात नाही. माझाही नाही. तेवढ्यासाठीच मी आज इथे उभी आहे.

आमच्या वाड्यात किल्ला माझी आत्या करायची. आम्ही मुलं तिच्या हाताखाली. वसुबारसेच्या आठ दिवस आधी स्वर्णरेखा नदीच्या काठची माती दोन पोती भरून यायची. परसातल्या पडक्या भिंतीचे विटांचे तुकडे, दगड, फुटकी कुंडी, जे मिळेल ते अंगणाच्या कोपऱ्यात रचायचं आणि त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं. आम्हाला बुरूज करायची घाई. आत्या हात धरायची. "डोंगर आधी, तट मग." पूर्ण एक दिवस ती आम्हाला काही करू द्यायची नाही. गोणपाट बसलं पाहिजे, चिखल धरला पाहिजे, कुठे खचतंय का ते दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी अळीव आणि मोहरी पेरायची. अळीव म्हणजे गवत, मोहरी उंच वाढते म्हणून ते जंगल. मग वाट, मग दरवाजा, आणि अगदी शेवटी तट. महाराज गादीवर बसायचे ते धनत्रयोदशीच्या संध्याकाळी.

हे सगळं चालू असताना मान वर केली की वाड्याच्या कौलांवरून खरा किल्ला दिसायचा. आत्या पदर खोचून, कॅलेंडरवरच्या चित्रात बघून प्रतापगडाचा बालेकिल्ला करायची. प्रतापगड तिनं जन्मात पाहिला नव्हता. पुणंसुद्धा पाहिलं नव्हतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, एकदा विचारलं, "आत्या, आपण हा समोरचा का नाही करत?" ती म्हणाली, "हा काय करायचा? हा तर आहेच."

हे उत्तर माझ्या मनातून पन्नासहून जास्त वर्षांत गेलेलं नाही. आत्याला मी दोष देत नाही. आपले पूर्वज शिंद्यांबरोबर इकडे आले. महाराष्ट्र मागे राहिला, तो जपायचा म्हणून दर दिवाळीला मातीतून उभा करायचा. ते मला समजतं, आणि ते बंद व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण समोरचा किल्ला 'आहेच' म्हणून आपण तो कधी नीट पाहिला नाही. मी नोकरीत तीस वर्षं बांधकामाचे नकाशे काढले. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाची पूर्वेची भिंत रोज येता-जाता दिसायची, आणि त्या भिंतीवर केळीची झाडं आहेत हे मला साठीनंतर कळलं. खरंच सांगते. निळ्या-हिरव्या-पिवळ्या चकचकीत फरशांच्या केळी आहेत, हत्ती आहेत, मगरी आहेत, आणि एकामागून एक चाललेली पिवळी बदकं आहेत. बाबर १५२८ साली इथे आला होता, त्यानं त्या केळींची नोंद करून ठेवली. तो थोडे दिवस राहून गेला, त्याला दिसल्या. मी इथे जन्मले.

दिसल्या कशा, तर विटांमुळे. माझा नातू सुट्टीत आला होता, जाताना लेगोच्या विटांची बादली इथेच ठेवून गेला. पुढच्या सुट्टीपर्यंत आपण त्याला काहीतरी करून ठेवू म्हणून मी बसले, आणि हात आपोआप समोरच्या भिंतीकडे गेला. भिंत करायची म्हणजे मोजायला हवी. मोजायची म्हणजे वर जायला हवं. वर गेले, पूर्वेच्या भिंतीखाली उभी राहिले, आणि बदकं दिसली.

इथे बदकांची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराची कंपनी. १९३२ साली मंदीत घरबांधणीची कामं मिळेनात म्हणून तो लाकडी खेळणी करायला लागला. त्याच्या सुरुवातीच्या खेळण्यांमधलं गाजलेलं खेळणं म्हणजे ओढत न्यायचं लाकडी बदक. कंपनीच्या इतिहासात सांगतात की एकदा त्याच्या मुलानं, गॉटफ्रेडनं, बदकांना वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले, माल स्टेशनवर पाठवला आणि पैसे वाचवले म्हणून खुशीत वडिलांना सांगितलं. वडिलांनी त्याला परत स्टेशनवर धाडलं. सगळी बदकं सोडवून आण, तिसरा हात दे आणि मगच पाठव. याच गॉटफ्रेडनं पुढे २८ जानेवारी १९५८ रोजी विटेच्या जोडणीचं पेटंट मागितलं. वर टिकल्या आणि पोटात नळ्या, ही जी आजची वीट आहे ना, ती. तेव्हाच्या विटेवर आजची वीट अजूनही घट्ट बसते.

टिकल्या म्हणजे विटेवरचे ते गोल उंचवटे. आमच्या घरचा शब्द आहे, तोच आज वापरते.

तर मला वाटतं, मानमंदिराचे कारागीरही असेच तिसरा हात देणारे असणार. ते बांधणाऱ्या राजा मानसिंह तोमराचा काळ १४८६ ते १५१६. त्या भिंतीवर, इतक्या उंचीवर, खालून चालणाऱ्याला जेमतेम दिसेल अशा जागी कुणीतरी एकेका बदकाची चोच नीट वळवली आहे. ती बघून मी घरी आले आणि ठरवलं की हीच भिंत करायची.

(समोरून कुणीतरी 'किती विटा लागल्या' असं विचारलं.) सांगते, त्याचा हिशेब आहे. पण त्याआधी मनातलं एक बोलू द्या, कारण ते बोलले नाही तर मला झोप लागणार नाही.

दीड वर्ष खपून मी ही भिंत उभी केली आणि एका प्रदर्शनात नेली. प्रदर्शनाचं नाव घेत नाही. तिथल्या माणसानं विचारलं, "बालविभागात ठेवू ना? मुलाचं नाव काय लिहायचं?" मी म्हटलं, माझं लिहा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मॉडेलकडे पाहिलं आणि ते नेऊन फुग्यांच्या शेजारी ठेवलं. वर पाटी लावली, 'खेळणी'. दिवसभर लोक येत होते, "अरे वा, लाल किल्ला!" म्हणत होते आणि पुढे जात होते. ग्वाल्हेरची माणसं! बदामी रंगाची भिंत, निळ्या फरशा, आणि लाल किल्ला! मला वाईट माझ्या नावाचं वाटलं नाही. भिंत ओळखली नाही याचं वाटलं.

आणि खेळणं म्हणजे हलकी गोष्ट, हे ग्वाल्हेरमध्ये कुणी म्हणू नये. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे, ती पाहुण्यांना ब्रँडी आणि सिगार पोचवायची. ती पाहायला आपण पाहुण्यांना कौतुकानं नेतो. त्याच राजवाड्यात साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं टांगण्याआधी छत पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा सांगितली आहे. मंडळी, ती भाराची परीक्षाच होती. मी माझ्या मॉडेलच्या गच्चीवर वरवंटा ठेवून पाहिला. हत्ती घरात नव्हता. (हशा) हसा, पण गच्ची टिकली.

एकदा मात्र टिकली नाही, तेही सांगते. पहिल्या वेळी मी भिंतीचा प्रत्येक तुकडा आपापल्या पाटीवर, म्हणजे विटा बसवायच्या सपाट तळावर, वेगळा बांधला होता, उचलायला सोपा म्हणून. पाटीचा सांधा जिथे, तिथेच वरच्या सगळ्या थरांचे सांधे, खालपासून वरपर्यंत एक सरळ रेघ. वाड्याच्या जिन्यावरून खाली आणताना ती रेघ उघडली आणि अर्धं मानमंदिर सात पायऱ्यांवर पसरलं. कुठलाही गवंडी पहिल्या दिवशी शिकतो की सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. मी तीस वर्षं ते नकाशात काढत आले होते, आणि हातानं करताना विसरले. त्या रात्री जिन्यात बसून विटा वेचताना आत्याची फार आठवण आली. ती असती तर तिनं मला एक दिवस थांबवलं असतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. म्हणजे मुख्य विषय मला पळतपळत सांगावा लागणार. हरकत नाही.

आधी प्रमाण. एका टिकलीपासून दुसरीपर्यंत ८ मिलिमीटर आणि विटेची उंची ९.६ मिलिमीटर. एकास शंभर धरलं की एक टिकली म्हणजे खऱ्या किल्ल्यातले ८० सेंटिमीटर. मानमंदिर बाहेरून सुमारे ३०० फूट बाय १६० फूट, म्हणजे ११४ टिकल्या बाय ६१. बत्तीस बाय बत्तीसच्या आठ पाट्यांत ते नीट बसतं. दोन टिकल्या जाडीची बाहेरची भिंत धरली तर एका थराला आठ टिकल्यांच्या साधारण ८५ विटा, आणि मी तीस थर केले. म्हणजे अडीच हजारांवर विटा, वजन सहा किलोच्या आसपास, आणि हा नुसता तट. घाबरू नका. अशा एका रंगाच्या सहाच विटा घेतल्या तरी त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. अडीच हजार असताना रस्ता सापडणारच.

आता डोंगर, कारण माझा मुद्दा तोच आहे. १९७८ साली लेगोचा पहिला मोठा पिवळा किल्ला आला, तो सपाट जागेवर चार भिंती उभ्या करून होतो. आपला किल्ला तसा नाही. इथे संरक्षण डोंगर करतो, तट त्याच्या कडेनं नुसता फिरतो. वाट पूर्वेच्या उतारावरून एकेका दरवाजातून चढते आणि शेवटी मानमंदिराच्या भिंतीखालून हत्ती पोळ या दरवाजापाशी येते. वर येणारा प्रत्येक माणूस महालाच्या नजरेखालून येतो. भिंत अशी का, हे डोंगर केल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट १७८० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉफम या अधिकाऱ्याची माणसं रात्री शिड्या लावून आत शिरली, ती दरवाजे टाळून कड्यावरूनच चढली. म्हणून मुलांना सांगा, आधी कडा करा. सगळा डोंगर करायचा नाही, या प्रमाणात तो जवळपास तीस मीटर लांब होईल. महालाखालची फक्त एक पट्टी करा. तिच्या पोटात डुप्लोच्या विटा भरा, लहान बाळांच्या, सगळ्या बाजूंनी दुप्पट असतात त्या. साध्या विटा त्यांच्यावर बसतात. रंग कुठलेही चालतील, आत दिसत नाहीत. आत्या गोणपाटाखाली विटांचे तुकडे भरायची, तेच हे. आणि एक दिवस थांबा.

फरशांची पट्टी आडवी बसवायची, टिकल्या बाहेरच्या बाजूला येतील अशी. त्याची गुरुकिल्ली एवढीच की चपट्या विटेची जाडी ३.२ मिलिमीटर, आणि पाच चपट्या म्हणजे १६, म्हणजे बरोबर दोन टिकल्या. हे एकदा बोटांत बसलं की उभं-आडवं कुठेही जुळतं. गोल बुरुजाला आत चौकोनी गाभा आणि बाहेरून चारही बाजूंना वळणदार तुकडे. घुमटांना सोनेरी अर्धगोल, कारण ते घुमट एके काळी मुलामा दिलेल्या तांब्यानं मढवलेले होते. वाहतुकीसाठी मॉडेलचे भाग पाडायचेच, पण बुरूज आणि भिंत जिथे मिळतात तिथे पाडा. सांधा सावलीत जातो. तळाचे दोन थर मात्र पाट्यांच्या सांध्यावरून आडवे न्या. आणि पुरं झालेलं मॉडेल गच्चीत उन्हात ठेवू नका, पांढरा आणि निळा रंग पिवळा पडतो.

राहता राहिली बदकं. या प्रमाणात खरं बदक एका टिकलीपेक्षाही लहान होतं, त्यामुळे चोच नाही, पंख नाहीत. मी महिनाभर अडकले होते. नातू सुट्टीत आला, निळ्या पट्टीवर एक टिकली सोडून एकीवर पिवळे गोल तुकडे दाबत गेला आणि लांब उभा राहून म्हणाला, "आजी, बघ, चालली." मी त्याच्या शेजारी जाऊन पाहिलं. चालली होती.

या दिवाळीला आमच्या अंगणात दोन किल्ले असतील. एका कोपऱ्यात मातीचा प्रतापगड, अळीव पेरून, आणि त्याच्या समोर हा. महाराजांची गादी कुठे ठेवायची यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला समोरचाच किल्ला मातीत करायचा असेल तर मापं काढलेला कागद माझ्याकडे आहे, प्रती काढून आणल्या आहेत, दाराशी ठेवते. मॉडेल मागच्या टेबलावर आहे. चहा घेऊन या, हात लावून बघा, दक्षिणेकडचा बुरूज उचलून निघतो, आत तळघरं दिसतील. बदकं उत्तरेकडून मोजायला लागा.